दाण्याचा पहिला चमचा

ता. ६ जून

चि. माईस अनेक आशीर्वाद.

मंगळवारी सकाळी देवाला हात जोडून भट्टी पेटवली आणि बराच वेळ कढईत नुसती वाळूच हलवत बसलो. शेंगदाणे घालायचेच राहिले. गिऱ्हाईक हसलं तेव्हा कळलं. तुझं पत्र खिशात होतं.

तुझ्या सहा महिन्यांच्या गोट्याला शेंगदाणा भरवा म्हणतात डॉक्टर? त्याची थोरली बहीण, आपली ठकी, दाण्याच्या एका बिस्किटाने गेली. मला आता रडू येत नाही, रागही येत नाही. पोराला लांब ठेव. माझ्यापासूनही. अंगाचा दाण्यांचा वास जात नाही, म्हणून तर मी अजून त्याला फोटोतच पाहतो.

रागावू नकोस, माया राहू दे.

बाबा

ता. १४ जून

ती. बाबांना शि. सा. न. वि. वि.

फोटो पुसून पुसून गुळगुळीत केलात की नाही? खरा नातू इथे माझा चष्मा चावतोय.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ठकीला इसब होतं, कातडी चिरलेली. तेव्हाच्या सल्ल्याप्रमाणे आपण दाणा तिच्या तोंडाला लागू दिला नाही. पण दाण्याची धूळ घरोघरी असतेच. ती चिरांतून शिरली की शरीर तिला शत्रू समजू शकतं. तीच लहानपणी तोंडावाटे पोटात गेली, तर बहुतेकदा ओळखीची होते. खात्री नाही, पण धोका पुष्कळ कमी होतो. तुमच्याकडे बोट नाही, बाबा. दाणे माझ्याही ओट्यावर होते.

गोट्याची टोचून तपासणी झाली, कातडीवर काही उठलं नाही. पहिला घास दवाखान्यातच द्यायचा. मला ते बघवणार नाही. तुम्ही भरवा. दाणे तुमच्याच भट्टीतले आणा.

तुमची हट्टी
माई

ता. २७ जून

चि. माईस अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचलो. तू बाहेर बाकावर बसलीस, आत काय झालं ते पाहिलं नाहीस. म्हणून लिहितो.

मी बारीक वाटून आणलेले दाणे डॉक्टरीणबाईंनी कोमट पाण्यात पातळ केले आणि चमचा माझ्या हाती दिला. देवाचं नाव घ्यायचं ठरवलं होतं, ते सुचलं नाही. चमच्याचं टोक ओठांना लावलं. त्याने तोंड वाकडं केलं, लहानपणी तू औषधाला करायचीस तसं. मग थांबलो. मी नुसते त्याचे ओठ बघत होतो. बऱ्याच वेळाने बाई म्हणाल्या, सगळं ठीक आहे, उरलेलं द्या.

मी चमचा खाली ठेवला. नको म्हणणार होतो. तेवढ्यात गोट्याने माझं बोट पकडलं आणि चोखू लागला. दाण्यांचा वास होता ना बोटाला.

बोट काढून घेतलं नाही. दुसऱ्या हाताने चमचा उचलला आणि वाटी संपेपर्यंत त्याला भरवलं.

इकडे लोभ आहेच, तिकडेही असू दे.

बाबा