चातुर्मासातलं वांगं

३० जून, सोमवार
सासूबाईंनी आज वाटी पूर्ण संपवली. वांग्याचं भरीत, त्यात दोन चमचे मऊ भात. वरण थुंकलं, खीर थुंकली. महिनाभर हेच चाललंय. वजन ३७. डॉक्टर म्हणाले, "खातायत ना? मग तेच द्या."
वांगं गॅसवर धरलं की खालून सिक्युरिटीचा इंटरकॉम. "मॅडम, बाविसाव्या मजल्यावर धूर दाखवतोय." म्हटलं, "वांगं आहे हो." म्हणाला, "परत?"
इथेच चाळ होती तेव्हा धूर झाला तर कोणी फोन करत नसे. वाटी घेऊन येत असत.

४ जुलै, शुक्रवार
कांदेनवमी. परवा आषाढी एकादशी, की मग चार महिने वांगं, कांदा, लसूण बंद. आमचं दोघांचं नाही, सासूबाईंचं. सुरेश सात वर्षांचा असताना मुदतीच्या तापात जायचाच होता, तेव्हा त्यांनी नेम बोलला. कार्तिकीपर्यंत शिवायचं नाही. एक वर्षही चुकलं नाही. आता सुरेश सदुसष्टचा, टक्कल, मधुमेह.
आज दुप्पट केलं. लग्नाच्या पहिल्या वर्षी मी भाजलेलं वांगं नळाखाली धरून सोलत होते, ते आठवलं. मागून आवाज आला, "ह्यां काय गो? आंघोळ घालतंस त्याका?" सगळी चाळ हसली. मग त्यांनीच शिकवलं. नळ नाही, बोटं भिजवायची आणि सोलायचं. चटका बसणारच. हलकं वांगं घ्यायचं, जड असलं की बियांचं. मॅश करायला काटा नको, हात. कॉन्व्हेंटमध्ये काट्याने खायला शिकलेली मी. त्यांच्या हातासारखा हात यायला दहा वर्षं गेली.
आज त्यांना विचारलं, "आई, उद्यापरवा आषाढी, आठवतंय?" माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुझी आवस इली काय?" माझी आई जाऊन वीस वर्षं झाली.

७ जुलै, सोमवार
लाल भोपळ्याचं भरीत. भोपळा भाजला, दही, जिरं, साखरेची चिमूट. मला स्वतःला आवडलं.
पहिला घास तोंडात धरून बसल्या. मग गाऊनवर. "वांगां खंय?"
सांगितलं, चातुर्मास लागला. "बरां," म्हणाल्या. पाच मिनिटांनी, "वांगां खंय?"

१० जुलै, गुरुवार
कच्चं केळं भाजून. नाही. रताळं. नाही. दुधी भाजून ताकात कालवला. एक चमचा, बहुतेक चुकून.
दिवसभरात तेवढंच आणि पाणी.
सुरेशला म्हटलं, काय करायचं? पेपरातून मान वर न काढता म्हणाला, "तुम्ही दोघी काय ते ठरवा." तुझ्यासाठीच बोलला होता ना नेम, असं ओठांवर आलं. गिळलं. या घरात गिळायला फक्त मलाच जमतं.

१४ जुलै, सोमवार
हे लिहून ठेवते. तीन वर्षांपूर्वी, त्यांना सगळं कळत होतं तेव्हा, मला बाजूला बसवलं. गॅस चालू ठेवून विसरायला लागल्या होत्या, त्यांनाही भीती वाटत होती. म्हणाल्या, "मी विसारले तरी तू विसरा नको. माझो नेम मोडूक देऊ नको." पोटच्या मुलीला नाही सांगितलं, मला सांगितलं. मी सवयीने म्हटलं, "प्रॉमिस."
"म्हंजे?"
"वचन हो."
"मग तसां सांग ना."
शाळेत सिस्टर म्हणायच्या, प्रॉमिस करण्याआधी दहा आकडे मोजा. मी एकही मोजला नाही.

१६ जुलै, बुधवार
वजन ३५. डॉक्टर घरी येऊन गेले. नळीचं बोलले. नाकातून घालतात, हात बांधावे लागतात, नाहीतर पेशंट ओढून काढतो. "आधी जे आवडतं ते देऊन बघा." मी चातुर्मासाचं सांगितलं. चष्मा पुसत राहिले. म्हणाले, "माझी आजीही करायची." आणि बॅग उचलली.
दाराला आतून कुलूप. मागे एकदा त्या लिफ्टने खाली जाऊन "आमची चाळ खंय?" विचारत उभ्या होत्या. किल्ली माझ्या गळ्यात. बघणाऱ्याला वाटेल मी त्यांना कोंडलंय. मी तरी कुठे बाहेर आहे?

१९ जुलै, शनिवार
आज लबाडी केली. वांगं काळं होईपर्यंत भाजलं, त्याच्या सालांत शिजलेला दुधी गुंडाळून झाकून ठेवला, म्हणजे वास लागेल. नेमही राहील, पोटही भरेल. स्वतःवर खूश होते.
त्यांनी वाटी नाकाशी नेली. डोळे चमकले. घास घेतला, जिभेवर फिरवला आणि माझ्याकडे असं बघितलं, लग्नाच्या पहिल्या वर्षी बघायच्या तसं.
"फसवतंस?"
वाटी खाली. दुधी टाइल्सवर. पुसताना रडू आलं. त्या वरून म्हणाल्या, "रडू नको गो. जेवलंस मा?"
ते खरं वांगं मी एकटीने ओट्याशी उभं राहून खाल्लं. टाकवेना.

२१ जुलै, सोमवार
आज दिलं.
सकाळी उठून बसता येईना त्यांना. मनगट हातात घेतलं, लाटण्याच्या टोकाएवढं. मी वांगं भाजलं, सोललं, हाताने कुस्करलं, खोबरेल आणि खोबरं. कांदा नाही घातला. तेवढं तरी. हसू येतं लिहिताना, जणू देव कांदा वेगळा मोजेल.
पूर्ण वाटी. बोट फिरवून वाटी चाटली.
मग एकदम स्वच्छ आवाजात, "आषाढी झाली काय गो?"
मी म्हटलं, "नाही आई. अजून आहे."

२४ जुलै, गुरुवार
रोज देते. रोज विचारतात. रोज सांगते, अजून आहे.
भिंतीवरचं कॅलेंडर काढून कपाटात ठेवलं. टीव्हीवरची कीर्तनं बंद. सुरेशला ताकीद, त्यांच्यासमोर श्रावण हा शब्द काढायचा नाही. "म्हणजे या घरात जूनच?" म्हणाला. हो, जूनच.
समोरच्या फ्लॅटमधल्या काकू लिफ्टपाशी: "तुमच्याकडे वांगं भाजलं का हो? चातुर्मासात?" आमचं दोघांचं नसतं, म्हटलं. हेही अर्धंच खरं.

२ ऑगस्ट, शनिवार
वजन ३६. एक किलो! डॉक्टर खूश, नळीचं नाव नाही.
मी खूश का नाही?
त्या बऱ्या असत्या, तर आज मला काय म्हणाल्या असत्या ते मला नेमकं माहीत आहे. आणि ज्या समोर बसून हावऱ्यासारखं तोंड उघडतात त्याही त्याच. एकीला दिलेला शब्द मोडून दुसरीला जेवू घालते. दोघींची वाटी एकच.

७ ऑगस्ट, गुरुवार
नणंद आली शिवडीहून, न सांगता. कुलूप काढेपर्यंत वास बाहेर.
"वैनी, वास कसलो येता?"
शेजारून, म्हटलं. विजूवन्सं सरळ स्वयंपाकघरात. साल बेसिनमध्येच होतं.
मग बोलल्या ते बोलल्या. आईने साठ वर्षं पाळलं, तू महिनाभरात घालवलंस. इंग्रजी शाळेत शिकलेल्यांना कसला नेम. भोपळा होताच माझ्यासाठी, तो त्यांच्या हातात दिला. "तुम्ही भरवा."
बसल्या आईसमोर. "आये, आ कर." अर्धा तास. बाबापुता, मग दटावणी, मग नुसतंच "आये, आये". सासूबाईंनी तोंड घट्ट मिटून भिंतीकडे फिरवलं. लेक कोण हेही कळत नव्हतं.
विजूवन्सं बाहेर आल्या. पदराने आईच्या गाऊनवरचा भोपळा पुसलेला. ओट्यावरच्या भरिताकडे बघत राहिल्या. वाटलं, आता उचलून भरवतील. नाही. चपला घातल्या.
"मी देऊक शकणंय नाय, वैनी." लिफ्टचं बटण दाबत म्हणाल्या. "तू देऊ नको असांय म्हणणंय नाय."
म्हणजे सगळं माझ्यावरच.

११ ऑगस्ट, सोमवार
भायखळ्याच्या बाजारात गेले, सुरेशला दोन तास बसवून. हातात वांगी घेऊन हलकी-जड बघत होते. भाजीवाली म्हणाली, "ताई, सध्या एवढी कोण नेतं? तुम्हीच." मनात आलं, इथूनच कुठेतरी निघून जावं, कुठेही. दीड किलो वांगी घेऊन घरी आले.

१७ ऑगस्ट, रविवार
मंडळांचे गणपती कारखान्यातून निघायला लागले. दुपारी खालून ढोल-ताशे. बाविसाव्या मजल्यावरही काच थरथरत होती. खिडक्या लावल्या, पंखा पाचवर केला, टीव्ही मोठा केला. लालबागमध्ये राहून गणपती लपवायला निघाले.
त्यांना भरवत होते. अर्धी वाटी झाली होती. चावायच्या थांबल्या. कान दिले.
"ढोल कसले?"
"लग्न असेल कोणाचं."
"लग्नात असे वाजत नाय." मग बोटांवर मोजायला लागल्या. आषाढ. श्रावण. तिसरं बोट धरून ठेवलं. "गणपती इले."
मी पुढचा घास केला.
"मग चातुर्मास ना गो?"
मी म्हटलं, "हो आई." पहिल्यांदाच, या महिन्याभरात.
त्यांनी वाटीकडे पाहिलं. माझ्या हाताकडे पाहिलं. बोटांना लागलेलं भरीत, हातातला घास. मी तो खाली ठेवायला लागले.
मनगट धरलं माझं. त्या मुठीत एवढी ताकद उरली असेल असं वाटलं नव्हतं.
"थांबलंस कित्याक?"
कळून म्हणाल्या, की तेवढ्यात विसरल्या? बराच वेळ त्यांच्या डोळ्यांत बघत होते. त्याही माझ्या. खाली ढोल वाजतच होते. मनगट सोडलं नाही त्यांनी, आणि घासासाठी तोंडही अजून उघडलेलं नव्हतं.