वाढत्या अंगाचा मास्क

हर्नडन, व्हर्जिनिया
रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

चि. यशू,

ताईचे आशीर्वाद. आपलं बोलणं तेरा महिने बंद आहे, पण आशीर्वाद बंद नव्हते. ते आपले चालूच होते.

तू खुशाल आहेस हे मला अकोल्याहून आईकडून कळतं. मी खुशाल आहे हेही तुला तिच्याकडूनच कळत असणार. तिला वाटतं आपण दर रविवारी बोलतो. मागच्या आठवड्यात मला म्हणाली, "यशू सांगत होता, तुम्ही नवी गाडी घेतली." आम्ही कुठली गाडी घेतली? म्हणजे थापा मारण्यात तूही माझाच भाऊ. मी तिला सांगून बसलेय, की तू आणि दीपाने बेलव्ह्यूच्या घराच्या दाराला निळा रंग दिला. आता ती फोटो मागतेय. तेवढं बघ.

इकडे सगळं ठीक. सत्यजितला आता आठवड्यातून चार दिवस ऑफिसात जावं लागतं, म्हणून तो ट्रॅफिकवर चिडतो आणि मी त्याच्यावर. दिवाळीचे शंकरपाळे काल केले. पहिला घाणा करपला, तो त्यानेच बिनतक्रार संपवला. आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन डिसेंबरात ठरलंय, ते तुला कळलंच असेल.

कागदावर का लिहितेय, असं म्हणशील. फोनवर तू एक बोललास की मी तीन बोलते. कागदावर निदान माझं मलाच परत वाचावं लागतं. सोबत जे खोकं आलंय ते मात्र आत्ता उघडू नकोस. आधी हे वाचून संपव.

तर बातमी अशी, की तुझी भाची परत आइस हॉकीच्या गोलमध्ये उभी राहते आहे.

डॉक्टरांनी अनयाला मार्चमध्येच खेळायची परवानगी दिली होती. मी दिली नव्हती. गेल्या वर्षी सप्टेंबरात डोक्याला मार बसल्यावर ती सहा आठवडे पडदे ओढून खोलीत पडून होती. उजेड सोसत नव्हता, शाळेच्या पुस्तकाचं एक पान वाचलं की उलटी व्हायची. ते बघितल्यावर कुठली आई पोरीला पुन्हा बर्फावर पाठवेल? मी म्हटलं, बुद्धिबळ खेळ. ती भांडली नाही. दर शनिवारी गॅरेजमध्ये जाऊन पायांची ती अवजड पॅड्स पुसून ठेवायची आणि परत येऊन होमवर्कला बसायची. भांडली असती तर मी जिंकले असते. न भांडणाऱ्या माणसापुढे माझं काही चालत नाही, हे तुला वेगळं सांगायला नको.

ऑगस्टमध्ये मी हात टेकले. एकच अट घातली. मास्क नवा, आणि तिच्या डोक्याच्या मापाने बनवून घेतलेला.

पेनसिल्व्हेनियात डोयल नावाचे एक म्हातारे गृहस्थ आहेत. घरामागच्या शेडमध्ये चाळीस वर्षं गोलकीपरांचे मास्क बनवताहेत. हल्ली बरेच जण डोकं स्कॅन करतात म्हणे, हे अजून प्लास्टरचा साचा काढतात. त्यांनी फोनवर सांगितलं होतं, की जुना मास्कही घेऊन या. मला तो न्यायचा नव्हता. मी दोनदा तो गाडीतून काढून ठेवला आणि अनयाने दोनदा परत आत ठेवला.

साचा काढताना डोक्यावर प्लास्टिकची टोपी घालतात, चेहऱ्याला व्हॅसलीन फासतात आणि मग ओल्या प्लास्टरच्या पट्ट्या एकावर एक बसवतात. कपाळ गेलं, गाल गेले, हनुवटी गेली, शेवटी श्वासापुरत्या नाकपुड्या तेवढ्या उरल्या. पंधरा मिनिटं हलायचं नाही, बोलायचं नाही. काही हवं असेल तर अंगठा वर करायचा. पोरगी शांत बसली होती. समोर स्टुलावर बसून मीच मिनिटं मोजत होते.

तेवढ्यात डोयल जुना मास्क घेऊन खिडकीपाशी गेले. उलटा करून त्यांनी आत बोट फिरवलं. "धिस इज अ ग्रोन मॅन्स साइझ," म्हणाले. मग पुन्हा बोट फिरवलं. "समबडी ग्लूड समथिंग इन हिअर. फोर प्लेसेस. व्हेअर डिड इट गो?"

यशू, इथे मी पेन खाली ठेवून चहा करून आले. प्यायलेही. आता लिहिते.

तो मास्क मी घेतला होता. दुकानातल्या बाईने अनयाचं डोकं टेपने मोजून मीडियम काढून दिला होता. मी म्हटलं, लार्ज द्या, मुलगी वाढतेय. पैशाचा प्रश्न नव्हता रे, सवयीचा होता. आपल्या घरात कुठली वस्तू कधी अंगाबरोबर घेतली? युनिफॉर्मला चार बोटं दुमड आणि बुटांत पुढे कापूस. सव्वीस जानेवारीच्या संचलनात तुझा बूट निसटून पुढच्या ओळीत गेला होता आणि तू एक पाय मोज्यावर ठेवून झेंड्याला सलाम केला होतास. तरी आई काय म्हणाली? "वाढतं अंग आहे, पुढच्या वर्षी बरोब्बर होईल." मी हसले होते तेव्हा. आणि चाळिशी उलटल्यावर मीही तेच केलं. माझी जांभळी योगा मॅट कापून चार तुकडे काढले. कपाळाला, दोन्ही कानशिलांना आणि हनुवटीला आतून चिकटवले. जसजशी वाढेल तसतसा एकेक तुकडा काढू, असा माझा बेत होता. स्वतःच्या हुशारीचं कौतुकही वाटलं होतं.

तू तेव्हा फोनवर बजावलं होतंस, "ताई, मास्क म्हणजे बूट नव्हे, कापूस भरून चालत नाही. फिट आहे ना?" मी म्हटलं, "एकदम फिट आहे."

मग ती मॅच. ती टणक रबरी चकती जबड्यापाशी लागली. फार जोरात नव्हती, कोचही तेच म्हणाला. पण मास्क डोक्यावर फिरला, तिला दिसेना, तोल गेला आणि ती मागे गोलच्या लोखंडी खांबावर डोक्याने आदळली. हॉस्पिटलात तिला स्कॅनला नेलं. सत्यजित तिच्याबरोबर होता, मी विम्याचं कार्ड आणायला गाडीपाशी आले. मागे तिची किट बॅग होती. मी मास्क बाहेर काढला आणि ते चारही तुकडे नखांनी ओरबाडले, कुणी बघायच्या आत. तीन कचऱ्यात टाकले. चौथा हातातच राहिला, तो गाडीच्या कप्प्यात कोंबला. माझी मुलगी आत मशीनमध्ये होती आणि मी बाहेर पुरावा लपवत होते.

आणि तुझा फोन आला. तू एवढंच विचारलंस, "ताई, मास्क फिरला कसा?" आरोप नव्हता त्यात, काळजी होती. पण प्रश्न नेमका होता, म्हणून मला तो झोंबला. मी म्हटलं, बफेलोला शिकत होतास तेव्हा तूच तिला हा खेळ दाखवलास, तुझ्यामुळे माझी पोर आत पडलीय. आणि पुढे म्हटलं, तुला स्वतःचं मूल असतं तर कळलं असतं.

हे वाक्य या पत्रात लिहायचं नाही, असं मी ठरवलं होतं. पण ते वगळून बाकी सगळं कबूल करण्यात काही अर्थ नाही. तू आणि दीपाने सहा वर्षं काय काय सोसलंय ते मला माहीत होतं. कुठे मारलं की लागेल हेही माहीत होतं, म्हणून तिथेच मारलं.

तर त्या शेडमध्ये डोयल माझ्याकडे बघत होते. "आय डिड इट," मी म्हटलं. तेरा महिन्यांत... नाही, तेव्हा अकराच झाले होते... पहिल्यांदा मोठ्याने म्हटलं. आणि एकदा तोंड उघडल्यावर थांबता येईना. मॅट, तुकडे, पार्किंग लॉट, तुझा फोन, ते वाक्यसुद्धा. मधेमधे मराठीत घसरत होते, त्यामुळे त्यांना निम्मं कळलं नसणार. जिला सगळं कळत होतं ती प्लास्टरखाली होती. तिला बोलता येत नव्हतं, पण ऐकू चांगलं येत होतं.

खुर्चीच्या हातावरून तिचा हात हळूच उचलला गेला. अंगठा वर. मला वाटलं गुदमरतेय. धावत गेले, म्हटलं, "काय हवंय बाळा? पाणी?" अंगठा तसाच वर. डोयल म्हणाले, "शी डझन्ट नीड एनीथिंग, मॅम." मला तरीही कळलं नाही. मग कळलं, आणि मी तिथेच, त्या प्लास्टर सांडलेल्या फरशीवर, बसून रडले.

साचा निघाल्यावर लाल झालेल्या तोंडाने म्हणाली, "आई, आय न्यू. आय वोअर इट, रिमेम्बर? इट स्मेल्ड लाइक युअर योगा मॅट."

"मग बोलली का नाहीस?"

"यू वेअर सो स्केअर्ड." टॉवेलने कान पुसत राहिली. मग म्हणाली, "बट यू टोल्ड मामा इट वॉज हिज फॉल्ट. आय हर्ड बाबा टॉकिंग अबाउट इट. दॅट पार्ट यू हॅव टू फिक्स."

पंधरा वर्षांची आहे. परतताना गाडीत ती झोपली आणि मी दोन तास नीट श्वास घेत गाडी चालवली. किती दिवसांनी, ते मलाच ठाऊक. सत्यजितला त्याच संध्याकाळी सांगितलं. तो एवढंच म्हणाला, "यशोधनला कधी सांगतेस?" त्यालाही दोन महिने झाले. तुझी ताई शूर नाही, हे आता तुला कळलं असेलच.

मास्क सप्टेंबरअखेर आला. डोयलांच्या पत्नी, रोझमेरी, रंगवतात. काय रंगवू म्हटल्यावर लोक वाघ, गरुड, कवट्या सांगतात म्हणे. आपल्या कन्येने साळिंदर सांगितलं. जन्मली तेव्हा तिचे केस ताठ उभे बघून तू तिला साळिंदर म्हणाला होतास, त्याचा तिला राग होता असं मी समजत होते. रोझमेरीबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा साळिंदर काढलं, पण काय काढलंय! हनुवटीवर नाक, दोन्ही गालांवरून मागे गेलेले काळे-पांढरे काटे. दिसायला भयंकर आहे. आईला फोटो पाठवला तर म्हणाली, "पोरीला दृष्ट लागणार नाही."

काल सरावाची मॅच झाली. मी थर्मास घेऊन वरच्या बाकावर बसले होते, झाकणसुद्धा उघडलं नाही. दुसऱ्या डावात एका दांडगट पोरीने मारलेली चकती थेट कपाळावर आली. टण्ण असा आवाज झाला, सगळ्या रिंकभर. मी उभी राहिले. मास्क जागचा हलला नाही. अनयाने मान एकदा झटकली, स्टिकने डावा खांब ठोकला, उजवा खांब ठोकला आणि पुन्हा वाकून उभी राहिली. बस्स. एवढंच झालं. मी खाली बसले आणि हसायला लागले, शेजारची बाई माझ्याकडे बघायला लागली, तिला मी चहा दिला. तेरा महिन्यांचं ओझं उतरलं रे. घरी येऊन मी दुपारी चक्क दोन तास झोपले आणि उठून हे लिहायचं ठरवलं.

आता खोकं उघड.

पांढरी वाकडी वाटीसारखी वस्तू आहे ती मास्कची मागची पट्टी. तुला माहीत आहेच, मी आत्ता शिकले, की पुढची बाजू लोकांसाठी असते आणि मागे गोलकीपर आपल्या माणसांचं काहीतरी काढून घेतो. रोझमेरींनी विचारलं तेव्हा अनया म्हणाली, "माय मामा विल डिसाइड." तोवर ती डोयलांनी दिलेली साधी पट्टी लावून खेळतेय.

खाली पिशवीत जांभळा तुकडा आहे. चौथा. तो तू टाकून दे, माझ्याने टाकवत नाही.

दीपाची माफी या पत्रात गुंडाळून पाठवत नाहीये. तिला मी स्वतः फोन करणार आहे. तिने नाही उचलला तर पुन्हा करीन.

तेवीसला, गुरुवारी, भाऊबीज आहे. गेल्या वर्षी ताट तयार केलं होतं, निरांजन लावलं होतं आणि लॅपटॉप उघडायची हिंमत झाली नाही. या वर्षी लॅपटॉपला ओवाळणार नाही. चोवीसला डोयलांकडे जायचं आहे, रोझमेरी म्हणाल्या आहेत की पट्टी तिथल्या तिथे रंगवून देईन. सव्वीसला, रविवारी, सीझनची पहिली मॅच. पट्टी पोस्टाने परत पाठवलीस तर मी दार उघडणार नाही. ती तू हातात घेऊन यायची. यायचं नसेल तर तसं कळव, मी पुन्हा लिहीन. माझ्याकडे कागद भरपूर आहेत.

आणि तू मला एक प्रश्न विचारला होतास, त्याचं मी खोटं उत्तर दिलं होतं. मास्क फिट आहे, यशू. या वेळी खरंच फिट आहे.

तुझीच,
ताई