काकांच्या पासपोर्टवर ‘सपत्नीक’

आल्टेनब्रुन, ३ सप्टेंबर १८४९

तीर्थरूप वाल्बुर्गा आत्यास,

एगिडियसचा लांबूनच वाकून नमस्कार. तुझा दमा आणि काकांचा राग, दोन्ही उतारावर असावेत.

काकांचा पासपोर्ट कपाटातून मीच उचलला, हे एव्हाना कळलं असेलच. आमचं बंड जुलैत चिरडलं गेलं आणि माझ्या नावाचं वॉरंट निघालं. (मी फक्त पत्रकं छापली होती. पण खाली छापखान्याचं नाव-पत्ता घालायची माझी शिस्त नडली.) आजारी माणसाच्या वाटेला शिपाई जात नाहीत, म्हणून केसांना पीठ चोळून इथल्या औषधी पाण्याच्या झऱ्यावर पोटाचा रोगी होऊन राहिलो. पासपोर्टवर काका ‘सपत्नीक’ आहेत हे मात्र मी वाचलंच नव्हतं. घरमालकीणबाईंनी वाचलं, आणि पाहुण्यांच्या साप्ताहिक यादीत छापून आलं: ‘निवृत्त वनाधिकारी लोरेन्ट्स फिंक, सपत्नीक’. छापून आलं म्हणजे संपलंच! बाईंनी पलंगावर दुसरी उशी आणून ठेवली. डॉक्टरांनी तुला न बघताच रोज पाच पेले पाणी लिहून दिलं (नाव यादीत आहे, एवढं त्यांना पुरलं). तू प्रवासाने दमून झोपली आहेस असं मी सांगतो, आणि सकाळी सहाला बँडच्या तालावर फेऱ्या मारत माझे सात नि तुझे पाच असे बारा पेले एकटा रिचवतो. पाण्याला नासक्या अंड्यांचा वास येतो. नऊ दिवसांत पोट खरोखरच बिघडलं आहे.

बाकावर शेजारी हाबरमाल नावाचे गृहस्थ बसतात. पोलीस अधिकारी आहेत, रजा घेऊन पाण्याच्या उपचारासाठी आलेत. मला शोधणं हेच त्यांचं काम. माणूस सज्जन.

“वहिनी उठल्या नाहीत अजून?” काल त्यांनी विचारलं.

“दमल्यात हो.”

“नऊ दिवस?”

मी घाईघाईने तुझा पेला तोंडाला लावला.

बाकी सर्व क्षेम. काळजी नसावी.

तुझा भाचा,
एगिडियस

ता. क. – रविवारी इथली जोडपी गाडीने सरहद्दीपलीकडे, स्वित्झर्लंडात कॉफी प्यायला जातात. नाक्यावर त्यांचे कागद कोणी उघडत नाही. एकट्या पुरुषाची मात्र टोपीच्या अस्तरापर्यंत झडती होते. तेव्हा शनिवारच्या आत माझी बायको म्हणून ये. तोवर काकांना घराबाहेर पडू देऊ नकोस.

ता. क. २ – पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात हाबरमाल येऊन गेले. म्हणाले, “बासष्टीच्या मानाने दात फार छान आहेत तुमचे.” मी ओठ मिटून घेतले. मग टोपी घालता घालता म्हणाले, “डॉक्टरांनी मला पुढच्या सोमवारपर्यंत कचेरीचा विचारसुद्धा करायचा नाही म्हणून बजावलंय. मी पथ्य मोडत नाही.”

आत्या, मला भीती वाटते. मध्ये रविवार एकच आहे. ये.