पेटीतल्या दगडांचा क्रम

बाबा, त्या पेटीतल्या दगडांचा क्रम तुम्ही चुकवला नव्हता. तो मी चुकवला होता. हे सांगायला मी इतकी वर्षं लावली की ऐकायला तुम्ही उरला नाहीत.

आज नंदनवन वस्तीतल्या घरी नात कॉलेजचं पुस्तक घेऊन बसली होती. दगडाच्या भेगांत युरेनियम येतं कुठून, हे तिला उमगेना. भाजी निवडता निवडता मी तुमचंच सांगितलं, तुमच्याच शब्दांत. "खाली पाणी भलतं गरम असते, पोरी. दगडातून जाता जाता ते युरेनियम विरघळवून संगं घेते. पाण्यात ऑक्सिजन आहे तोवर युरेनियम मुकाट्यानं वाहते. काळ्या, कार्बनच्या दगडाशी गाठ पडली का मंग पाण्याची संगत सोडते, अन् तिथंच भेगेत बसते." नात हसली. "आजी, तू वऱ्हाडी कधीपासून बोलायला लागलीस?" कॉन्व्हेंटमध्ये शिकणारी मी तुमच्याशीसुद्धा कधी तशी बोलले नव्हते. मला हसता आलं नाही.

तो रविवार आठवतो. सायकलच्या दांडीवर बसवून तुम्ही मला युरेनियम शोधणाऱ्या तुमच्या खात्याच्या शेडमध्ये नेता. जमिनीत खोल छिद्र पाडून काढलेले दगडाचे लांबट गोल तुकडे लाकडी पेट्यांत ओळीनं मांडलेले आहेत, वरचा आधी, खालचा नंतर. त्यांच्यावर रंगानं आकडे घालायचं तुमचं काम. तुम्ही रंग आणायला आत जाता, मी एक पेटी ओढते आणि ती स्टुलावरून कलंडते. मी तुकडे भराभर परत लावते, छान दिसतील तसे. भेगेत काळी रेघ असलेला तुकडा गुलाबी दगडांच्या मधोमध. तुम्ही येता, वाकता, तिथंच थांबता. "हे इथं काहून बसलं असन वं? काळा दगड तर तिकडं खालच्या ओळीत राहिला." मी फ्रॉकवरची धूळ झटकते. तुम्ही ब्रश बुडवता आणि सुरेख अक्षरात आकडे घालता.

पुढच्या आठवड्यात स्वयंपाकघरात तुम्ही आईला सांगत होतात, "साहेबानं सगळ्यांसमोर तुकडे जोडून पाह्यले. टोकाले टोक जुळेच ना. म्हणे, झोपेत पेटी भरली का? बाकीचे पोट्टे हासून राहिले होते." आई म्हणाली, "मंग चष्मा बदला न. डाळीतला खडा तरी कुठं दिसते तुमाले!" तुम्हीही हसलात, पण ताटातला भात तसाच राहिला. चष्मा बदललात. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत प्रत्येक पेटी आधी दुसऱ्या कोणाला दाखवायचात आणि मगच ब्रश उचलायचात. "माह्या डोळ्यांचा भरोसा नाही," म्हणायचात. तुमचे डोळे चांगले होते, बाबा.

हे पत्र मी कुठे टाकणार? पण लिहितेच आहे तर खरं लिहिते. मला तुमच्या रागाची भीती नव्हती. तुम्ही रागावलाच नसतात. सांगितलं तर तुम्ही मला पुन्हा शेडमध्ये नेणार नाहीत, एवढंच वाटलं होतं. पुढच्या रविवारी तुम्ही मला नेलंत, आणि मी खूश होते.