बारा गाड्यांची निविदा

पनवेल, ४ जानेवारी १९५८

ती. वेणूताईस जगनचा शि. सा. न. वि. वि.

आम्ही खुशाल. नगरपालिकेला कचऱ्यासाठी बारा बैलगाड्या करून हव्यात. मालमोटारी आल्यापासून आपल्याकडे नवी गाडी सांगायला कोणी येत नाही. हे काम मिळालं तर आबांचा कारखाना चालेल, नाहीतर कुलूपच. पण जाहिरात वाचून डोकं फिरलं. मोहोरबंद निविदा म्हणजे काय? बयाणा गिऱ्हाईक आपल्याला देतं, इथे आपणच भरायचा, हे उलटं कसं? महादेवराव भावोजी बांधकाम खात्यात आहेत, त्यांना विचारून कळव. आबा म्हणतात, कागद कशाला, चाक बघा न् घ्या.

भाच्यांना गोड पापा. माया पातळ होऊ देऊ नये.

तुझा जगन

ठाणे, ९ जानेवारी

चि. जगन यास अनेक आशीर्वाद.

हे आधी हसले, मग नीट सांगितलं. निविदा म्हणजे आपला दर लिहून दिलेली कबुली. तिचं पाकीट लाखेने बंद करायचं; ठरल्या दिवशी सर्वांसमक्ष उघडेपर्यंत कोणी कोणाचा दर बघायचा नाही. बयाणा म्हणजे काम मिळाल्यावर पाठ फिरवणार नाही याची हमी. तो परत मिळतो. माल सारखाच असेल तर बहुधा कमी दराला काम जातं. आणि मुदत चुकली की दंड!

लिहिताना आठवलं, चाकाला लोखंडी धाव चढवायच्या दिवशी शेणी पेटवून ती लाल करायचे. शेजारून अब्दुल्लाचाचा स्वतःचा गाड्यांचा कारखाना सोडून मदतीला यायचे. पाणी ओतलं की आबा न् चाचा दोघेही वाफेत दिसेनासे व्हायचे, आणि आई मला मागे ओढायची. इथे ठाण्यात तसा वास कुठला!

आबांना जप.

वेणू

पनवेल, २ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न.

काम गेलं. कसं ते सांगतो. अब्दुल्लाचाचा आले. त्यांना आता दिसत नाही नीट, मुलगा ताहेर बोटीवर नोकरीला. त्यांची निविदा मी लिहावी म्हणाले. आबांनी धंदा सोडला असंच ते धरून चालले होते. मी काही बोलायच्या आत त्यांनी दर सांगितला. आपल्याहून थोडाच कमी! आपलं पाकीट अजून उघडंच होतं. ते गेल्यावर मी आबांना विचारलं, आपला दर उतरवू का? आबा म्हणाले, कागदाला लाख मागनं लागंल, आधी आपल्या तोंडाला लाव.

काल पाकिटं उघडली. चाचांचा दर सर्वांत कमी, काम त्यांना मिळालं. चाचांच्या नावामागोमाग आमचं नाव वाचलं, तेव्हा चाचांनी वळून माझ्याकडे पाहिलं.

जगन

ठाणे, ६ फेब्रुवारी

चि. जगन यास आशीर्वाद.

मी असते तर दर उतरवला असता, असं मनात आलं आणि माझी मलाच लाज वाटली. आबांना नमस्कार सांग. रागावले नाही, रडले मात्र.

वेणू

पनवेल, १२ मार्च

ती. ताईस सा. न.

पाकिटं उघडल्यावर दोन दिवस चाचा आले नाहीत. तिसऱ्या दिवशी थेट आबांसमोर उभे. म्हणाले, चोवीस चाकं मुदतीत माझ्याच्यानं होणार नाहीत, चाकं तू कर, बाकी गाडी मी करतो, आणि या वयात नाही म्हणू नकोस, खुदा के वास्ते. त्याला पोटठेका म्हणतात; नगरपालिकेची लेखी परवानगी लागते. अर्ज मीच लिहिला. मंजूर झाला.

काल आबांना जेवायला बोलवायला गेलो, तर दोघं तयार झालेल्या पहिल्या गाडीवर पाय सोडून बसले होते, कशावरून तरी खदखदून हसत. आई गेल्यापासून आबांना असं हसताना मी पाहिलं नव्हतं. हाक न मारताच परत आलो. भाकरी निवली, निवू दे.

जगन