शेणव्याच्या लाकडाचा तक्ता शिकविण्यातून मोकळे करणेबाबत

प्रति,
मा. प्रकल्प अधिकारी,
हरितगृह वायू मोजदाद व प्रशिक्षण कक्ष,
ठाणे.

विषय: मुरबाड येथील प्रशिक्षणात मौजे शेणवा येथील जळाऊ लाकडाचा तक्ता ‘चुकीच्या नोंदीचा नमुना’ म्हणून शिकविण्याचे काम माझ्याकडून काढून घेणेबाबत.

संदर्भ: १) आपले खुलासा मागविणारे पत्र. २) माझा खुलासा. ३) मला प्रशिक्षक नेमल्याचा आपला आदेश.

महोदय,

उपरोक्त विषयी अर्ज सादर करतो की, मी शहापूर तालुक्यात शेणवा येथे कृषी सहायक आहे. आपल्या देशातून किती हरितगृह वायू हवेत जातो याचा अहवाल सरकारला जगापुढे मांडावयाचा असल्याने आम्हा कर्मचाऱ्यांस गेल्या वर्षी शहापूर येथे प्रशिक्षण देण्यात आले. खाचरात साचलेले पाणी, गुरांचे शेण, भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा जाळून केलेली राबाची भाजणी आणि चुलीतले लाकूड या सर्वांतून वायू निघतो, असे तेथे समजले. तोवर त्यातून भात, खत आणि भाकरी निघते एवढेच आम्हांस ठाऊक होते. प्रशिक्षण चांगले झाले, याबद्दल तक्रार नाही.

२. लाकूड मोजण्याची रीत अशी की, निवडलेल्या घरी सकाळी लाकूड ताणकाट्याने तोलायचे, दुसऱ्या सकाळी उरलेले तोलायचे आणि जेवढी घट येईल तेवढे चुलीत जळाले असे धरायचे. शेजारच्या रकान्यात किती माणसे जेवली ते लिहायचे. आमच्या वाडीतले हे काम अंगणवाडी मदतनीस भिमी हिच्याकडे होते. निवडलेल्या घरांत माझेही घर होते. काहीही झाले तरी एकही दिवस वजन चुकवायचे नाही, असे मीच तिला बजावले होते.

३. वैशाखात माझी पत्नी रंभा तापाने वारली. मुलगा भाविक सुरतेहून यावयाचा होता म्हणून मयत संध्याकाळपर्यंत घरात ठेवले. मयत उठेपर्यंत आमच्या वाडीत कोणाचीही चूल पेटत नाही आणि सरणाला घरटी लाकूड येते, ही रीत आहे. पावसाळ्याच्या बेगमीसाठी रचलेल्या ढिगांतून आणि सकाळी तोललेल्या लाकडातूनही लोकांनी ते काढून दिले. रात्रीही कोणी तवा ठेवला नाही. दुसऱ्या सकाळी भिमी ताणकाटा घेऊन घरोघर फिरली. माझ्या पडवीत आली तेव्हा तिने “दादा, तोलू ना?” असे विचारले आणि मी मान डोलावली, असे ती सांगते. मला आठवत नाही.

४. तक्त्यात त्या दिवशी प्रत्येक घरचे लाकूड भरमसाट घटलेले आणि जेवलेली माणसे शून्य. आपण खुलासा मागविला ते योग्यच होते. मी तो दिला. त्यावर असे कळविण्यात आले की, कोणत्या घराने सरणास किती लाकूड दिले याचे सहीनिशी दाखले जोडावेत, अन्यथा नोंद चुकीची समजण्यात येईल. महोदय, मयताला दिलेले लाकूड आमच्याकडे मोजत नाहीत. ज्याच्या घरचे मयत, त्याने तर किती दिलेत असे तोंडातून काढू नये. तसे विचारणे म्हणजे फेडायला निघणे, आणि हे लाकूड एकाच प्रसंगी फेडता येते, ते समोरच्याच्या घरी मयत झाले म्हणजे. सबब मी कोणाच्याही दारी गेलो नाही व दाखले जोडले नाहीत.

५. त्यानंतर शहापूरच्या उजळणी वर्गात हा तक्ता पडद्यावर दाखविण्यात आला. “शेणव्याची माणसं त्या दिवशी लाकूडच खाऊन राहिली की काय?” असे प्रशिक्षक साहेब म्हणाले. सभागृह हसले. त्यात त्यांचा दोष नाही, पडद्यावर गावाचे नाव आणि आकडे एवढेच होते. तक्ता कोणाचा, असे विचारल्यावर मी हात वर केला. मग चहा झाला. चहानंतर शेणाचा विषय घेण्यात आला, तोही मी नीट उतरवून घेतला. मला राग आला नाही. खरे सांगायचे तर वैशाखापासून मला राग, रडू यांतले काही येतच नाही. मोजायला तेवढे येते.

६. हात वर केल्याचे फळ म्हणून, ‘सदर तक्त्याची संपूर्ण माहिती असलेला कर्मचारी’ या नात्याने मला मुरबाडच्या वर्गात तोच तक्ता शिकविण्यासाठी नेमण्यात आले आहे. या वर्गास दोन्ही तालुक्यांतील मदतनीस बोलाविल्या आहेत. भिमीही येणार आहे. आदेश वाचून ती माझ्याकडे आली होती. “दादा, माज्या हातून चुकलं का? तुमीच बोल्लेलात, चुकवायचं नाय.” मी तिला सांगितले की तुझे काही चुकले नाही. आता तिला समोर बसवून मी उलट सांगायचे आहे.

सरणाच्या लाकडासाठी वेगळा रकाना मिळेल काय, असे मी तोंडी विचारून पाहिले. नमुना सबंध देशाला एकच असल्याने एका वाडीसाठी बदलता येत नाही, असे उत्तर मिळाले. तेही मला पटले. हल्ली मला बहुतेक सर्व पटते.

७. तरी विनंती की, खाचराचे पाणी, शेण, राब, गुरांची गणती यांतील सांगाल तो विषय मी मुरबाडला शिकवीन, सांगाल तितके दिवस शिकवीन. हा एक तक्ता दुसऱ्या कोणाकडे द्यावा आणि तो चालू असेल तेवढा वेळ मला व भिमीला बाहेर बसू द्यावे.

कारण आदेशासोबत आपण बरोबर नोंदीचा नमुना म्हणून दुरुस्त तक्ताही पाठविला आहे. त्यात त्या दिवशीचे वजन पुसून आधीच्या आठवड्याची सरासरी भरली आहे. त्या सरासरीप्रमाणे त्या दिवशी माझ्या घरी नेहमीसारखी चूल पेटली आणि दोन माणसे जेवली. घरात आम्ही दोघेच होतो. हे बरोबर आहे, असे फळ्यापुढे उभे राहून मला सांगता येणार नाही.

आपल्या आदेशाची वाट पाहत,
जयराम नवसू निमसे
कृषी सहायक, शेणवा, ता. शहापूर, जि. ठाणे
दि. १२ नोव्हेंबर २००७

सोबत: मृत्यूचा दाखला. घरोघरचे दाखले जोडलेले नाहीत.