डावीकडचं धुकं

प्रिय ओदिल,

तुझ्या बहिणीचा, सिमोनचा, फोन आला होता. तू जेवतेस, सकाळी समुद्रावर चालून येतेस आणि फारसं बोलत नाहीस, एवढं तिने सांगितलं. पुरे आहे. माझंही तसंच चाललंय. शेजारच्या मादाम पेटर्स सूप देऊन जातात, मी ते उभ्याउभ्याच पितो. जिरेनियमला पाणी घालतोय. बॉयलरवाला येऊन गेला, आता पाइपांतून ठोकल्यासारखा आवाज येत नाही. घर इतकं शांत झालंय की परवा मी मुद्दाम रेडिओ लावला आणि बातम्या संपल्यावर लक्षात आलं की एकही बातमी मी ऐकलेली नाही.

आपल्या तिबोच्या चित्रकथांच्या मूळ पानांना किंमत लावायचं काम संपलं. तुला ते ऐकायचं नाही हे मला माहीत आहे. तरी पुढे वाच, कारण हे पत्र त्याबद्दलच आहे. त्याच्या दफनानंतरच्या कॉफीच्या वेळी तू मला म्हणालीस, "आकडे माझ्या कानावर येऊ देऊ नकोस." तर या पत्रात एकही आकडा नाही.

त्या दिवशीचं, पानं जमवणाऱ्या एव्रारचं बोलणं तू ऐकलंस ते बरं झालं की वाईट, मला अजून ठरवता आलेलं नाही. हातात चीजचा पाव घेऊन तो माझ्याजवळ आला. चर्चमध्ये तो रडला होता, खरं रडला होता, मी पाहिलं. आणि मग हळूच म्हणाला, "आर्मां, विचारायची ही वेळ नाही, पण घरी धुक्याची पानं आहेत का रे? म्हणजे एलोदीने कुणाला शब्द दिला नसेल तर." मी म्हटलं, "आहेत. पण नायिका समोरून दिसणारी कमी आहेत, बहुतेक पाठमोरी." आणि किमतीचा एक अंदाजही सांगून टाकला, जसा शनिवारच्या बाजारात सांगतो तसा. तू माझ्या मागे कप घेऊन उभी होतीस. एव्रारचा राग धरू नकोस. इतकी वर्षं एकाच नजरेने पाहत आलेला माणूस डोळे पुसतानाही त्याच नजरेने पाहतो. मीही तसाच आहे, आणि त्या दिवशी मला त्याचं काही वाटलंही नाही. मला तेव्हापासून कशाचंच फारसं काही वाटत नाही.

वारसाहक्काचे कागद पाहणाऱ्या नोटरीने सांगितलं होतं की तिबोच्या मागे जे जे राहिलं त्या सगळ्याची किंमत सरकारला कळवावी लागते, आणि त्याने हाताने काढलेली पानंही त्यात येतात. तिबोची बायको म्हणून हे एलोदीने करायचं होतं, पण ती म्हणाली, "बाबा, बाहेरचा कुणी येऊन त्याचे खण उघडणार हे मला सहन नाही होणार. तुम्ही कराल का?" मी हो म्हटलं. मग मी भिंग, सुती हातमोजे आणि माझा छोटा दिवा घेऊन त्यांच्या घरी जाऊ लागलो. एलोदी कामावर गेलेली असायची. वरच्या खोलीत त्याचं टेबल, ब्रश धुवायची बरणी, खुर्चीवर त्याचा तो कोपरावर विरलेला स्वेटर. मी स्वेटर उचलून दारामागे अडकवला आणि बसलो.

किंमत लावताना पान कसं पाहतात ते तुला इतक्या वर्षांत ऐकून पाठ झालंय. नायिका पानावर आहे का, असली तर चेहरा दिसतो का. काही घडतंय की नुसती बोलणी आहेत. शाई एका दमात मारलीय की वरून पांढऱ्या रंगाने डागडुजी केलीय. चिकटवलेल्या संवादांच्या पट्ट्यांखाली गोंद पिवळा पडलाय का. मुखपृष्ठ असलं तर गोष्टच वेगळी. मी तिबोच्या पानांनाही हेच सगळे प्रश्न विचारले. त्याची नायिका जर्मेन कोळशाचा पडाव, म्हणजे सपाट बुडाची मोठी नाव, घेऊन कालव्यावरून चाललीय, पाणी अडवणाऱ्या झडपेजवळ थांबलीय, झडपवाल्याशी भांडतेय. मी कागद उचलायचो, उजेडात तिरपा धरायचो, लिहायचो, खाली ठेवायचो. पहिल्या दोन अल्बमांची, म्हणजे पुस्तकांची, पानं गर्दीने भरलेली. दोन्ही काठांवर पॉपलरची झाडं, दोरीवरचे कपडे, कुत्री, सायकलवरचे पाद्री. तेव्हा मीच त्याला म्हणायचो, "अरे, डोळ्याला बसायला जागा ठेव कुठेतरी." तो म्हणायचा, "बाबा, तुम्ही विकत घेणारे लोक. तुम्हाला रिकामा कागद आवडतो, मला नाही."

आणि मग धुकं. चौथ्या अल्बमच्या शेवटाकडे ते सुरू होतं आणि पाचव्यात सगळीकडे पसरतं. पडावाच्या एका बाजूला काठ आहे, घरं आहेत, माणसं आहेत, आणि दुसरीकडे नुसता पांढरा कागद. सगळ्यांनी त्याचं किती कौतुक केलं ते तुला माहीत आहे. वर्तमानपत्रात आलं, तू कात्रण कापून ठेवलंस. मीही त्याला म्हटलं होतं, ईस्टरच्या जेवणाआधी त्याने पान दाखवलं तेव्हा, "आता तू न काढायला शिकलास." तो लाजला. मला वाटतं माझं कौतुक त्याला त्या दिवशी पहिल्यांदाच खरं वाटलं.

किंमत ठरवायची तर पानं कधी काढली ते आधी लावून घ्यावं लागतं. तिबो कधीच क्रमाने काढत नसे, मनाला येईल तो प्रसंग आधी. म्हणून मी अल्बमचा क्रम सोडला आणि कागद कोणत्या गठ्ठ्यातला, शाई कोणत्या बाटलीतली, यावरून पानं लावली. प्रकाशकाकडे पान कधी पोचलं त्याचा शिक्का मागे असतोच. टेबलावर मावेनात तेव्हा जमिनीवर अंथरली, भिंतीपासून भिंतीपर्यंत. मग पायमोज्यांनी त्यांच्यामधून चालत गेलो.

धुकं नेहमी डावीकडेच होतं, ओदिल.

पडाव कुठल्याही दिशेने जावो, सकाळ असो की संध्याकाळ, पांढरं ते डावीकडे. आधी थोडं. मग चौकटीचा पाव भाग. मग जवळजवळ अर्धी चौकट. पहिल्यांदा माझ्या मनात काय आलं तेही सांगतो. मला वाटलं, वा, हे तर ओळीने मांडून दाखवता येईल, याला चांगला भाव येईल. मग मी गुडघ्यावर बसलो आणि दिवा जमिनीलगत तिरपा धरला. चित्रकार जेव्हा जाणूनबुजून जागा मोकळी सोडतो तेव्हा तिथे आधी पेन्सिलने काहीतरी येऊन गेलेलं असतं. तो काढतो, नको वाटतं, खोडतो. कागदाचा तंतू उभा राहतो, तिरप्या उजेडात ते लगेच दिसतं. तिबो तर खोडरबराने कागदाचा जीव घ्यायचा. उजवीकडे कागद तसाच होता, खरवडलेला. डावीकडे तो दुकानातून आल्यासारखा कोरा. पेन्सिल नाही, खोडरबर नाही, बोटाचा मळ नाही. आणि शेवटच्या काही पानांत चौकटीची डावीकडची रेघच नव्हती. छापताना ती प्रकाशकाकडे कुणीतरी आखून घेतली असणार. धुकं कुणीही काढेल, पण चौकटीची रेघ कुणी विसरत नाही.

त्याने ती बाजू सोडून दिली नव्हती. तो तिथे पोचलाच नव्हता.

रडलो वगैरे नाही. पाय बधिर झाले तेव्हा उठलो, पानं परत खणात ठेवली आणि तीन पानं माझ्या मोठ्या फोल्डरमध्ये घातली. दुसऱ्या दिवशी डॉक्टर वान ह्युले यांच्याकडे गेलो. तेच, ज्यांनी त्या रात्री इस्पितळात आपल्याला बाहेरच्या बाकावर बसवून तिबोच्या डोक्यातल्या गाठीचं सांगितलं होतं. त्यांना वाटलं मी भांडायला आलोय. मी म्हटलं, "मला फक्त हे बघून हवंय." त्यांनी पानं खिडकीपाशी नेली. बराच वेळ पाहत होते. मग म्हणाले, "हा माझ्याकडे तपासायला आला असता तर मी त्याला कागदावर घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं असतं. आणि त्याने मला हेच काढून दिलं असतं, अर्धं."

त्यांनी मला समजावून सांगितलं. मेंदूच्या उजव्या बाजूला त्या जागी गाठ असली की माणसाला डावीकडचं जग दिसत नाही असं नाही, ते आहे याचंच त्याला भान राहत नाही. म्हणून काही कमी आहे असंही त्याला वाटत नाही. त्यांनी विचारलं, "जेवताना ताटातलं डावीकडचं तसंच राहायचं का?" मी म्हटलं, मी कधी ताटाकडे पाहिलं नाही. तुला कदाचित आठवत असेल. आठवत असेल तर मला सांगू नकोस.

संध्याकाळी मी एलोदीला सांगितलं. तिच्यापासून लपवणं बरोबर नव्हतं, कारण लिलाववाल्या मादाम लांब्रेख्त मागे लागल्या होत्या की लिलावाच्या यादीसाठी मी त्या धुक्यावर चार ओळी लिहून द्याव्यात. काही पानं विकल्याशिवाय एलोदीला ते घर ठेवता येणार नाही, हे तुलाही ठाऊक आहे. ती बटाटे सोलत होती. सोलायची थांबली नाही. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मला तो म्हणायचा, काठ आता माझ्या डोक्यातच पूर्ण होतो, कागदावर कशाला आणू." मग थोड्या वेळाने म्हणाली, "बाबा, एक विचारू? तुम्ही किंमत लावणारे म्हणून सांगा, वडील म्हणून नको. ती पानं चांगली आहेत की नाहीत?"

इतक्या लोकांनी मला हा प्रश्न विचारला असेल, आणि मी कधी अडलो नव्हतो. मी म्हटलं, "चांगली आहेत. त्याने काढलेल्यातली सगळ्यात चांगली आहेत." आणि हे खरं आहे, ओदिल. मी पुन्हा पुन्हा पाहिली. आजाराने काढलेली म्हणून ती वाईट होत नाहीत. का ते मला कळत नाही, आणि ते कळून घ्यायची ताकदही आत्ता नाही. एलोदी म्हणाली, "मग ते धुकंच राहू दे. घेणाऱ्यांना सांगू नका." मी मादाम लांब्रेख्तना कळवलं की मजकूर दुसऱ्या कुणाकडून लिहून घ्या. त्या म्हणाल्या, "समजू शकते, मॉस्यू आर्मां." त्यांना काही समजलं नव्हतं, पण आवाज मवाळ होता. ती तीन पानं मी परत खणात ठेवली. त्यातलं एक एव्रार घेईल असं वाटतं. घेऊ दे. तो ते उन्हात टांगणार नाही.

सिमोनने फोनवर आणखी एक गोष्ट सांगितली. तू तिला सांगितलीस आणि मला नाही, याचं मला वाईट वाटलं नाही. तू मला सांगितलं असतंस तर मी काहीतरी सांत्वनाचं बोललो असतो आणि तू विश्वास ठेवला नसतास. गेल्या जुलैत तिथेच, सिमोनच्या मागच्या अंगणात, तिबो डोकं दुखतंय म्हणाला. तू त्याला गोळी दिलीस, खोलीचे पडदे ओढलेस आणि चष्म्याचा नंबर तपासून घे म्हणालीस. तेव्हाच डॉक्टरकडे नेलं असतं तर, हे तू रोज समुद्रावर चालताना मनात घोळवतेस, असं सिमोन म्हणते. मला सांत्वन करता येत नाही, ते तुला लग्नापासून माहीत आहे. पण एखादी रेघ कधी मारली गेली ते मला सांगता येतं, तेवढी एकच गोष्ट मला नीट येते. धुक्याचं पहिलं पान त्या जुलैतलं नाही. त्याच्या आधीच्या हिवाळ्यातलंही नाही, त्याच्याही आधीच्या हिवाळ्यातलं आहे. कागद, शाई, मागचा शिक्का, तिन्ही तेच सांगतात, आणि यावर मी कुठेही सही करीन. ते पान मी डॉक्टरांपुढे ठेवलं आणि विचारलं, जुलैत आणलं असतं तर? ते म्हणाले, आपण काही देव नाही, म्हणून शपथ घेता येत नाही, पण इतक्या खोल जागी त्यांनी जुलैत शस्त्रक्रियेला हात घातला नसता, आणि या पानाच्या वेळीही घातला नसता. मी त्यांना दोनदा विचारलं. म्हणून हे लिहितोय. तू परत ये म्हणून नाही, तुला वाटेल तेव्हा ये. त्याचं डोकं दुखत होतं आणि तू त्याला गोळी दिलीस, ओदिल. त्या दुपारी तेवढंच झालं.

तुझाच,
आर्मां